केबल तोडण्यापूर्वी

परवा मुदखेडला आमच्या आळीतल्या एका गुरुजींनी केबल काढून टाकली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, सगळं मोबाईलवर दिसतं, मग हे पैसे कशाला?" हिशेब काही चुकीचा नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये केबलचे नवे दर आले, तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीचेच १३० रुपयांपर्यंत आणि वर कर. सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. इंटरनेट मात्र २०१६ नंतर स्वस्त झाले होते.

पण घरात गुरुजींच्या मातोश्री आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. पूर्वी बटण दाबले की मालिका लागे; आता ती नातवाने शोधून द्यायची, आणि नातू लातूरला शिकवणीला! शिवाय स्वच्छ चित्राला तासाला साधारण एक जीबी लागते. गुरुजींच्या फोनचा रोजचा दीड जीबीचा वाटा दिवेलागणीलाच संपतो.

मी दूरदर्शनची फ्री डिश सुचवली. तबकडी नि पेटी एकदाच घ्यायची, महिन्याचे भाडे नाही, इंटरनेटही नको. ती बसली, सह्याद्री वाहिनी लागली. आजींनी सगळ्या वाहिन्या फिरवून पाहिल्या नि मला विचारले, "सर, माझी मालिका कुठंय यात?"

गुरुजी आता केबलवाल्याचा नंबर शोधताहेत.