विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास आला तर

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंचा फोन आला. गावात पाणी तपासायला शिकलेल्या पाच जणींपैकी त्या एक. म्हणाल्या, "आमच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतोय. किटनं तपासलं तर सगळं ठीक निघालं. आता लोक मलाच हसतात. किट खरं की नाक खरं?"

ताई, नाक खरं. जलजीवन मिशनच्या किटमध्ये पाण्याचा जडपणा, फ्लोराईड, नायट्रेट, लोह असं तपासता येतं. पेट्रोल-डिझेल त्यात कळतच नाही. म्हणजे किटनं पाणी पास केलेलं नाही, तो पेपर झालेलाच नाही.

हे तेल येतं कुठून? आधी आपल्याच विहिरीवर बघा. डिझेल इंजिन गळतंय का? जवळ गॅरेज आहे का, कुणी जळकं ऑइल ओततं का? तसं काही नसेल आणि आसपास पेट्रोल पंप किंवा डिझेलचा साठा असेल, तर जमिनीखालच्या टाकीची शंका घ्यायची. लोखंडी टाकी किंवा पाइप गंजला, सांधा सैल झाला, की थेंब थेंब गळतं आणि वर काहीच दिसत नाही. अमेरिकेत १९८४ साली अशा टाक्यांसाठी कायदा झाला. तेव्हापासून तिथे ५ लाखांहून जास्त गळत्या सापडल्या आहेत.

गळलेलं तेल मुरमातून झिरपतं आणि पाण्यावर तरंगतं. पण त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळतं. असं पाणी बरीच वर्षं पोटात गेलं, तर रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १० हजार लिटरचे १० टँकर घ्या, त्या सगळ्यांत मिळून १ ग्रॅम बेंझिन. त्याच्या वर गेलं की पाणी पिण्याचं राहिलं नाही. आणि एवढ्या थोड्या बेंझिनचा वास येत नाही. म्हणून वास आला तर तो खरा मानायचा, पण वास गेला म्हणजे पाणी सुधारलं असं मानायचं नाही.

मग लगेच काय करायचं? ते पाणी पिणं, स्वयंपाकाला वापरणं बंद. जनावरांनाही नको. उकळून उपयोग नाही, उलट वाफ घरात पसरते. त्या पाण्यानं गरम अंघोळही नको. तुरटी, क्लोरीन यांनीही ते जात नाही. वास उग्र असेल तर विहिरीजवळ काडी, विडी, चूल नको. मोटार चालू करू नका, आणि कुणीही आत उतरू नका.

दुसरं काम वहीचं. आसपासच्या सगळ्या विहिरी आणि बोअर लिहून काढा. कुठे वास येतो, कधीपासून, पाण्यावर रंगीत तवंग दिसतो का, पाऊस पडल्यावर वाढतो का. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी फिरतं. त्यामुळे पंपाशेजारची विहीर चांगली आणि लांबची बिघडलेली, असंही होतं. तपासणारे लोक आले की विहिरींची पातळी मोजून भूजल कुठल्या बाजूला वाहतं ते काढतात, पंपाभोवती बोअर घेऊन माती आणि पाणी तपासतात. पंपावर रोज टाकीत पट्टी घालून साठा मोजतात. तो हिशोब आणि विक्रीचा हिशोब जुळतो का, तेही बघायला सांगा. तेल थोडं उडतं, पण रोज तूट येत असेल तर प्रश्न विचारायलाच हवा.

नमुना घरच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून पाठवू नका. त्याला प्रयोगशाळेची काचेची बाटली लागते. ती काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि बर्फात ठेवून लगेच पोचवायची. नाहीतर बेंझिन वाटेतच उडून जातं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. अर्जात स्पष्ट लिहा, "बेंझिन आणि पेट्रोलजन्य तेलांची तपासणी करावी."

अर्ज ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना, जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या. टाक्यांचे परवाने पेसो हे केंद्र सरकारचं खातं देतं, त्याचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. एक प्रत तिकडे पाठवा. कुणीच दाद दिली नाही, तर पुण्यात हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. अर्जात "अमक्याच्या पंपामुळेच" असं आधीच लिहू नका. ते तपासात ठरेल. आपण काय पाहिलं, कुठल्या तारखेला, तेवढंच लिहा. तपास होईपर्यंत टँकरचं पाणी मागा. आणि प्रत्येक अर्जाची पोहोच घ्या.

ताई, एकट्या जाऊ नका. गटातल्या दहा जणींनी सह्या करा. एका बाईच्या नाकावर लोक हसतात. दहा जणींच्या वहीवर हसता येत नाही.