पाचवे शील आणि चिंधीवरचे थिनर



पाचवे शील आपण वंदनेत नेहमी म्हणतो, आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दारूची बाटली येते. पण त्या शीलाचा खरा रोख प्रमादावर, म्हणजे भान हरपण्यावर आहे. एखादे पोर चिंधीवर थिनर, व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन ओतून हुंगते, तेव्हा ते काही 'पीत' नाही, म्हणून आपणही त्याला व्यसन समजत नाही. पनवेल रेल्वेचे जंक्शन, शेजारी कळंबोलीचा लोखंड बाजार आणि ट्रकची वर्दळ. गॅरेजे, रंगकाम, पंक्चरवाले पावलोपावली. हा माल दारूसारखा चोरून आणावा लागत नाही.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. डॉक्टर मंडळी सांगतात तेच सांगतो. थिनरमधले टोल्युइन श्वासावाटे रक्तात आणि काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. मेंदूतील तंतूंवर चरबीचे आवरण असते. वर्षानुवर्षे हुंगणाऱ्याचे ते आवरणच खराब होते. मग विसर पडतो, हात कापतात, चाल झोकांडते. मूत्रपिंडे बिघडून शरीरातील पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, आणि कालपर्यंत धडधाकट असलेल्या मुलाचे हातपाय लुळे पडतात. काही सोल्यूशनमध्ये हेक्झेन असते, त्याने हातापायांच्या नसा निकामी होतात.

याहून भयंकर गोष्ट हृदयाची. हुंगलेल्या अवस्थेत मूल दचकले किंवा जिवाच्या आकांताने पळाले, तर ठोक्यांची लय बिघडून ते जागच्या जागी दगावू शकते. पहिल्याच वेळीसुद्धा! म्हणूनच असे पोर दिसले की ओरडत त्याच्या मागे धावण्याची काही तरुणांची हौस आम्हाला मुळीच मान्य नाही. त्याच्याशी हळू बोलावे, मोकळ्या हवेत बसवावे. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. जवळ काडी ओढू नये, कपडे पेट घेतात.

केंद्र शासनासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळलेली नशा ही एकच: मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. त्या पाहणीनुसार देशातील सुमारे ४.६ लाख मुलांना उपचारांची गरज होती. ती सगळी फलाटावरची नसणार. व्हाइटनर दप्तरातही असते. विद्यार्थी मित्रांनो, वर्गातला कोणी हुंगत असेल तर चहाडी होईल म्हणून गप्प बसू नका.

मुलांसाठी १०९८ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६, हे दोन क्रमांक विहाराच्या फलकावर ठळक लिहावेत, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे.