पोटापुरतं म्हणजे किती?

आम्ही निर्मळच्या बचत गटातून बोलतोय. आज हप्ता नाही, व्याज नाही, आज एक शब्द घेतलाय : निर्वाह. अर्जात, कोर्टाच्या कागदात, पगाराच्या चिठ्ठीवर 'भविष्य निर्वाह निधी' म्हणून तो आपल्याला भेटतो. आपल्या तोंडी मात्र तो नसतो. आपण म्हणतो, भागतंय.

गटाच्या बैठकीत कुणालाही विचारा, "काय गं, कसं चाललंय?" उत्तर एकच, "भागतंय." आता एकीचं भागतं म्हणजे दोन्ही वेळचा भात, कालवण, मुलांची फी, सणाला एखादी साडी. दुसरीचं भागतं म्हणजे घरातल्या सगळ्यांचं जेवून झालं की पातेल्यात उरलं तर ती जेवते. शब्द एकच, त्यामुळे शेजारणीलाही पत्ता लागत नाही. आम्हाला हा शब्द आवडतो, त्यात मान राखलेला आहे. पण तो झाकणासारखा आहे, आत काय शिजतंय ते दिसू देत नाही.

मराठीत यासाठी शब्दांची कमतरता नाही. निर्वाह म्हणजे वाहून पार नेणं. त्याला उदर जोडलं की पोटाचा निर्वाह. गुजराण फारसीतून आली, तिच्यात दिवस सरण्याचा अर्थ आहे, सुखाने सरले की कसे ते ती सांगत नाही. चरितार्थाची गंमत वेगळी. संस्कृतात त्याचा अर्थ हेतू सफल झालेला. मराठीत येऊन तो पोटाच्या मागे लागला! आणि पोटपाणी हा आपला खरा घरचा शब्द. पोटाबरोबर पाणीही मोजणारा. वसईत ज्यांची वाडी बावखलाच्या पाण्यावर उभी राहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

'पोटापुरतं आहे' आणि 'हातावर पोट आहे' या दोन्हींत मात्र मोठा फरक आहे. पोटापुरतं असणारीकडे थोडं का होईना, साठवणीला असतं. हातावर पोट असणारीचं काम आज थांबलं की उद्या चूल थांबते. 2020 च्या मार्चमध्ये लोकल गाड्या बंद झाल्या, देवळं बंद झाली. पहाटेच्या गाडीने दादरला फुलं नेणाऱ्यांना बाजारच उरला नाही. मोगरा काही थांबत नाही, तो फुलतच राहिला. तेव्हा कळलं की 'आमचं भागतं' म्हणणाऱ्या कितीजणी खरं तर हातावर पोट घेऊन जगत होत्या.

आता कागदाकडे येऊ. बँकेच्या, योजनेच्या फॉर्मात एक रकाना असतो, उपजीविकेचे साधन. तिथे आपल्या बायका सांगतात, "काही नाही, घरीच असते." ही घरी असणारी पहाटे कळ्या खुडते, दुपारी गजरे ओवते, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवते आणि कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत सुकेळी विकते. तरी "काही नाही"! मग कर्ज मागायला गेलं की समोरचा विचारतो, फेडणार कशातून? आपणच लिहून दिलेलं असतं.

पोटगी हा शब्दही पोटातूनच आलेला. नवऱ्याने सोडलेल्या बाईला पोटगी मागताना सांगावं लागतं की, माझा निर्वाह मी करू शकत नाही. कलम पूर्वी 125 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात ते 144 झालं. पुष्कळजणींना वाटतं, चार पैसे कमावते म्हणजे हक्क गेला. तसं नाही. थोडीफार कमाई आहे एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. म्हणून कमाई लपवू नका, खर्चही लपवू नका. दोन्ही मांडा.

आणि हा शब्द आपल्या शेजारच्या मुंबईतूनच थेट राज्यघटनेपर्यंत गेलाय. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या झोपड्या हटवण्याचा खटला होता. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. झोपड्या कायम राहतील असं काही कोर्टाने म्हटलं नाही, आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका, एवढं मात्र सांगितलं. पण पोटाचं साधन काढून घेणं म्हणजे जगणंच काढून घेणं, हे तिथे मान्य झालं. घटनेच्या 39 व्या कलमातही उपजीविकेच्या पुरेशा साधनाबद्दल लिहिलंय, आणि तिथे स्त्री-पुरुष दोघांचंही नाव आहे. पुरेसं, हा शब्द लक्षात ठेवा. भागण्यापुरतं असं तिथे लिहिलेलं नाही.

आमच्या गटाने आता एक केलंय. प्रत्येकीने महिनाभर वहीत लिहायचं : काय आणलं, काय विकलं, किती तास राबले, आणि कुठल्या दिवशी आपण जेवलो नाही. शेवटची ओळ लिहायला बायका लाजतात. पहिल्या महिन्यात ती बहुतेकींनी कोरी ठेवली, दुसऱ्या महिन्यात तिघींनी भरली. त्या तिघींना गटातून आधी कर्ज द्यायचं ठरलं, आणि त्यातल्या एकीचं रेशनकार्डच नव्हतं हेही तेव्हा कळलं. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, ती मात्र दुकानातून विकत घेत होती. तिचा अर्ज आम्ही सगळ्यांनी बसून भरला. उपजीविकेच्या रकान्यात लिहिलं : फुलं खुडणे, गजरे, सुकेळी, पावसाळ्यात दुसऱ्याच्या वाडीत मजुरी. रकाना छोटा होता, उरलेलं मागच्या बाजूला लिहिलं.