तान्ह्या डोळ्यांतील मोतीबिंदू

मोतीबिंदू हा केवळ वृद्धापकाळाचा विकार नव्हे. तो जन्मतःही असू शकतो. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी अशा ७८ बालकांची नोंद केली. बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या प्रारंभी रुबेला झाला होता. आनुवंशिकता आणि चयापचयाचे काही जन्मजात दोषही कारणीभूत ठरतात. रुबेलाची लस गरोदरपणी देत नाहीत. म्हणून ती कन्येला बालपणीच द्यावी. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम याचसाठी सुरू झाली. सिंधुदुर्गातील घराघरांत बाळाच्या बाहुलीवर पांढरी झाक दिसताच, ‘फूल पडले’ म्हणून न थांबता तत्काळ नेत्रतज्ज्ञ गाठावा. विलंब झाल्यास शस्त्रक्रियेनंतरही दृष्टी अधू राहू शकते. वेळेवर दिलेली लस हेही अभयदानच होय.