निसर्गोपचार : घराची शिस्त आणि विवेकाची मर्यादा



निसर्गोपचाराचा विषय निघाला की समाजात दोन पक्ष पडतात. एका पक्षाला तो भाबड्यांचा उद्योग वाटतो, तर दुसऱ्याला त्यात प्रत्येक व्याधीवरचा उतारा दिसतो. दोन्ही पक्षांनी या पद्धतीवर अन्यायच केला आहे. म्हणून प्रथम तिचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे.

निसर्गोपचार म्हणजे झाडपाल्याचे औषध नव्हे आणि आयुर्वेदही नव्हे. आयुर्वेदात काढे, चूर्णे, भस्मे आहेत. निसर्गोपचाराची मूळ भूमिका औषधविरहित आहे. शरीरात स्वतःला सावरण्याची शक्ती असते. आहारविहारातील दोषांनी ती दबते. ते दोष दूर करून तिला वाव द्यावा, एवढेच तिचे सूत्र. माती, पाणी, सूर्यप्रकाश, हवा आणि लंघन ही तिची साधने. अर्वाचीन काळात या पद्धतीची मांडणी झाली ती युरोपात. सायलेशियातील शेतकरी व्हिन्सेन्ट प्रीसनिट्झ याने थंड पाण्याचे उपचार रूढ केले, लाइपझिगच्या लुई कुने याने कटिस्नानाचा प्रसार केला. हा विचार आपल्याकडे आला तेव्हा परका वाटला नाही, कारण दिनचर्या आणि ऋतुचर्या यांचे संस्कार येथे मुरलेलेच होते.

महाराष्ट्राच्या भूमीत या विचाराला ग्रामीण रूप मिळाले ते उरुळी कांचन येथे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. तेथेच गरिबांसाठी मोठी संस्था उभी करावी, असा महात्मा गांधींचा आधी बेत होता. पण खेड्यातला गरीब माणूस उपचारासाठी शहरात कसा येणार, हा प्रश्न त्यांच्या ध्यानी आला आणि त्यांनी बेत बदलला. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले, तेथे रुग्ण तपासले आणि आश्रमाचा पाया घातला. त्यांच्यामागे मणिभाई देसाई या तरुणाने ते गाव हीच आपली कर्मभूमी मानली. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनीही त्या आश्रमाची दीर्घकाळ सेवा केली.

मणिभाईंच्या जीवनातून एक मोठा बोध मिळतो. गावाचे आरोग्य केवळ उपचारगृहात सुधारत नाही. त्यासाठी जमीन, जनावर आणि पाणी सुधारावे लागते, हे त्यांनी ओळखले. गोपालन आणि शेतीसुधारणा यांच्या कार्यातूनच १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता प्रत्यक्ष आचरणाकडे वळू. आपल्या भागाची काळी माती ओलावा धरून ठेवते. म्हणून मातीपट्टीसाठी ती सोयीची. मात्र ती तीन-चार फूट खोलीवरची, वाळवून, चाळून, रात्रभर भिजवलेली असावी. कीटकनाशकाची फवारणी झालेल्या कपाशीच्या शेतातली माती कदापि वापरू नये. पोटावर वीस ते तीस मिनिटे मातीपट्टी ठेवण्याची रीत आहे. उघड्या जखमेवर मात्र माती लावणे हा उपचार नव्हे, घात आहे. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात.

उपवासाचेही तसेच. लंघन म्हणजे पचनसंस्थेला विश्रांती. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड आणि शेंगदाण्याचे लाडू पोटभर खाल्ले, तर व्रत कदाचित घडेल, विश्रांती घडणार नाही. रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, ताक आणि ऋतूतले फळ असावे. मीठ, साखर, तेल बेताचे असावे. पूर्वी हे घराघरांत सहज होते. आज बिस्किटाच्या पुड्याने त्याची जागा घेतली आहे. निसर्गोपचाराची पहिली पायरी स्वयंपाकघरात आहे, ती अशी.

आणखी एक उदाहरण आपल्या उन्हाळ्याचे. उष्माघात झालेल्या माणसाला सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतून, ओल्या कपड्याने पुसून, वारा घालून तत्काळ थंड करावे, हे आधुनिक वैद्यकही सांगते. निसर्गाची साधने येथे प्राण वाचवतात. परंतु त्याच वेळी रुग्णाला दवाखान्यात हलवणेही तितकेच आवश्यक असते.

येथेच मर्यादेचा प्रश्न येतो आणि तो जीवनमरणाचा आहे. शरीरात साठलेले विजातीय द्रव्य हेच सर्व रोगांचे कारण, असे जुने निसर्गोपचारक मानत. परंतु क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिला. त्यावरच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग उलटतो आणि औषधांनाही दाद देईनासा होतो. इन्शुलिनवर जगणाऱ्या मधुमेह्याने कुणाच्या सांगण्यावरून ते बंद करणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे विकार अनेक घरांना ठाऊक आहेत. अशा रुग्णाला फळांचे, पालेभाज्यांचे रस भरपूर पाजले, तर त्यातील पोटॅशियम हृदयालाच धोका करू शकते. साप चावला तर मांत्रिक नको, मातीचा लेपही नको. थेट रुग्णालय गाठावे.

याबाबतीत खुद्द गांधीजींच्या चरित्रातील प्रसंग विचार करण्याजोगा आहे. निसर्गोपचारावर त्यांची आयुष्यभर श्रद्धा होती. तरीही जानेवारी १९२४ मध्ये, कारावासात असताना आंत्रपुच्छाचा विकार बळावला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेण्यास त्यांनी संमती दिली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पूर्ण करावी लागली. निष्ठावंताने मर्यादा ओळखली, म्हणून त्याची निष्ठा उणी ठरली नाही.

तेव्हा निसर्गोपचाराचा सल्ला घ्यायचा तर तो रीतसर शिक्षण घेतलेल्या वैद्याकडून घ्यावा. या शाखेचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे, हे अनेकांना ठाऊकही नसते. चालू असलेली औषधे आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नयेत. ‘सर्व रोगांवर हमखास’ अशी जाहिरात दिसली, की तेथून दूर राहावे.

बंधुभगिनींनो, वेळेवर झोप, पहाटेचे चालणे, साधे ताट आणि स्वच्छ पाणी यांना डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. या गोष्टी ज्या घरात नित्य पाळल्या जातात, त्या घरातील अनेक दुखणी उंबऱ्यापाशीच थांबतात. जी दुखणी तरीही आत येतात, त्यांच्यासाठी दवाखान्याची वाट धरण्यात कमीपणा कसला? आपली प्रकृती सांभाळणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे आणि वेळ ओळखून मदत मागणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.