आयातीचा माल आणि वेठीचे श्रम

1930 सालच्या जून महिन्यात दोन गोष्टी घडल्या. जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सक्तीच्या श्रमाची व्याख्या ठरविली: शिक्षेच्या धाकाने करून घेतलेले आणि माणसाने स्वखुशीने न पत्करलेले काम. त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या जकात कायद्यात 307 वे कलम घालून अशा श्रमातून निघालेला माल बंदरावर अडविण्याची तरतूद केली. मात्र जो माल देशात पुरेसा निर्माण होत नसेल, त्याला या बंदीतून सूट होती. गरज मोठी असली की सदसद्विवेकाने मुकाट्याने बाजूला व्हावे, असाच त्याचा अर्थ! ही पळवाट बुजायला 2016 साल उजाडावे लागले.

कायद्याची खरी कसोटी लागली ती जुलै 2020 मध्ये. कोविडच्या साथीत रुग्णालयांना रबरी हातमोजे मिळेनासे झाले होते आणि जगातील निम्म्याहून अधिक हातमोजे मलेशियात बनत होते. नेमक्या त्याच वेळी अमेरिकेने तेथील टॉप ग्लोव्ह या कंपनीच्या दोन उपकंपन्यांचा माल अडविला.

त्या कारखान्यांत कोणाच्या पायात बेड्या नव्हत्या. मग सक्ती कसली? नेपाळातील किंवा बांगलादेशातील तरुण परदेशी नोकरीसाठी दलालाला पैसे मोजतो. ते त्याने बहुधा व्याजाने काढलेले असतात. परमुलखात पाऊल ठेवतो तोच ऋणको म्हणून. पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात गेला, की नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य केवळ कागदावर उरते. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1982 मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, हाच विचार मांडला. घटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने निषिद्ध मानलेली सक्ती केवळ दंडुक्याची नसते. आर्थिक विवंचनेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीदेखील सक्तीच होय, असा तो निर्णय आहे.

आयातदाराची दृष्टी येथेच अपुरी पडते. तपासनीस आगाऊ सूचना देऊन कारखान्यात जातो, भिंती रंगविलेल्या पाहतो, हजेरीपट तपासतो आणि प्रमाणपत्र देतो. कर्ज मात्र कारखान्यात झालेले नसते. ते दूरच्या खेड्यात झालेले असते आणि हजेरीपटाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून चौकशी भरतीपासून सुरू झाली पाहिजे. दलाल कोण, त्याला कोणी किती दिले, करारपत्र मजुराला वाचता येईल अशा भाषेत होते काय, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात आहे, पगारातून कशाकशाची कपात होते, हे प्रश्न मुकादमाच्या कानाआड, मजुराच्या बोलीत विचारावे लागतात. शिवाय आयातदाराने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. पडत्या भावात आणि अशक्य मुदतीत माल मागितल्यावर तो कोणाच्या रात्रींतून तयार होणार?

दोष आढळताच पुरवठादार बदलून मोकळे होणे, हा सोपा मार्ग पुष्कळांना आवडतो. त्याने आयातदाराचे हात स्वच्छ दिसतात, पण मजुराचे कर्ज तसेच राहते आणि नोकरीही जाते. टॉप ग्लोव्हच्या प्रकरणात मार्च 2021 मध्ये माल जप्त करण्यापर्यंत मजल गेली, आणि सप्टेंबर 2021 मध्ये बंदी उठली ती कामगारांना भरपाईदाखल 3 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिल्यानंतर आणि राहण्या-राबण्याच्या परिस्थितीत सुधारणा झाल्यानंतर. भरतीसाठी मजुराने मोजलेले पैसे मजुराच्याच हाती परत येतात, हे या तपासणीचे सर्वांत ठोस फळ मानावे लागेल.

कापसाच्या बाबतीत काम अधिक बिकट आहे, कारण जिनिंगमध्ये अनेक शेतांचा कापूस एकत्र होतो आणि पुढे गाठीवरून शेत ओळखता येत नाही. चीनच्या शिनजियांग प्रांतातील मालाविषयी अमेरिकेने जून 2022 पासून पुराव्याचा भार उलटविला आहे: माल सक्तीच्या श्रमाचाच आहे असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे आयातदाराने सिद्ध करावयाचे असते. युरोपीय संघानेही 2024 मध्ये कायदा केला असून त्याची बंदी 14 डिसेंबर 2027 पासून लागू व्हावयाची आहे. ती कोणा एका देशापुरती नाही. तिरुपूरच्या निर्यातदाराकडे तेव्हा युरोपातील गिऱ्हाईक कपड्याच्या नमुन्याबरोबर सुताचा हिशेब मागेल, आणि सुताच्या मागे कापसाचा.