मेघातील माहिती आणि खात्याची किल्ली
(भाषणाचा संपादित मजकूर)

गेल्या काही वर्षांत देशातील संगणकीकरणाचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी कार्यालयाचा सर्व्हर त्याच इमारतीतील एखाद्या खोलीत असे. आता हिशेब, पगारपत्रके, ग्राहकांच्या नोंदी आणि ई-मेल अशी सारी माहिती इंटरनेटद्वारे भाड्याने घेतलेल्या संगणकांवर साठविली जाते. यालाच क्लाउड किंवा मेघ संगणन म्हणतात. या व्यवस्थेमुळे भांडवली खर्च वाचतो आणि लहान संस्थेलाही मोठ्या उद्योगाच्या तोडीची साधने मिळतात. मात्र या सर्व साधनांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग एकच असतो, तो म्हणजे खाते. खाते बंद पडले की माहिती शाबूत असूनही हाताबाहेर जाते.

खाते बंद होण्याची कारणे अनेक आहेत. देयक थकते, क्रेडिट कार्डाची मुदत संपते, गैरवापराचा संशय येतो किंवा परकीय कायद्याचा अडसर निर्माण होतो. यातील शेवटचे कारण काल्पनिक नाही. गुजरातमधील वाडीनार येथे वर्षाला २ कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून अधिक वाटा आहे. युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी या कंपनीवर निर्बंध लादले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. परवान्यांचे पूर्ण शुल्क भरलेले असूनही स्वतःचीच माहिती मिळत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ३० जुलै रोजी सेवा पूर्ववत झाल्या आणि प्रकरण निकाली निघाले.

या घटनेचा बोध स्पष्ट आहे. मायक्रोसॉफ्टची माहिती केंद्रे २०१५ पासून पुणे, मुंबई व चेन्नई येथे आहेत. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत अशी केंद्रे सुरू केली. माहिती देशाच्या सीमेत ठेवणे आवश्यकच आहे. तथापि, माहिती देशात असणे आणि ती हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रत्येक वेळी कायदाच आड येतो असेही नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरील यंत्रणा चुकून पुसली गेली. ती उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे सेवेची मुदत आपोआप एक वर्षाची ठरली आणि ती संपताच यंत्रणा नाहीशी झाली. सुमारे आठवडाभर सभासदांना आपली खाती पाहता आली नाहीत. स्वतंत्रपणे, दुसऱ्या सेवाप्रदात्याकडेही ठेवलेल्या प्रती त्या वेळी कामी आल्या.

खाते परत मिळविण्याच्या कामी वेळेला विलक्षण महत्त्व आहे. अ‍ॅमेझॉनच्या मेघसेवेत बंद केलेले खाते ९० दिवसांच्या आत पुन्हा उघडण्याची विनंती करता येते. त्यानंतर उरलेली माहिती कायमची पुसली जाते. म्हणून खाते बंद झाल्याचे कळताच थकबाकी, खातेक्रमांक, देयकांच्या पावत्या व संस्थेच्या नोंदणीची कागदपत्रे घेऊन लेखी अर्ज करणे इष्ट ठरते. सेवाप्रदात्याच्या तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास, माहिती तंत्रज्ञान नियमांच्या कक्षेतील प्रकरणात ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येते. केंद्र सरकारने अशा समित्या जानेवारी २०२३ मध्ये स्थापन केल्या.

परंतु खरी अडचण पुष्कळदा संस्थेच्या दारातच असते. खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या किंवा कंत्राटदाराच्या वैयक्तिक ई-मेलवर उघडलेले असते. तो सोडून जातो आणि पडताळणीचा सांकेतिक क्रमांक त्याच्याच मोबाइलवर येत राहतो. अशा वेळी माहिती आपलीच आहे हे सिद्ध करण्याची वेळ संस्थेवर येते. खाते संस्थेच्या अधिकृत ई-मेलवर असावे, दोन जबाबदार व्यक्तींना त्याचे अधिकार असावेत आणि पदभार हस्तांतरणाच्या यादीत दप्तर व शिक्क्याबरोबर खात्याचीही नोंद व्हावी. या उपायांना खर्च जवळजवळ नाही.

शासकीय पातळीवर 'मेघराज' उपक्रमांतर्गत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा राष्ट्रीय मेघ फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. खाजगी सेवाप्रदात्यांची तपासणी करून त्यांची यादी करण्याची पद्धतही रूढ झाली. आता करारांच्या अटींकडे तितकेच लक्ष पुरविले पाहिजे. सेवा थांबविण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळेल, थांबल्यानंतर माहिती कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल, आणि वाद भारतीय न्यायालयात चालेल काय, या प्रश्नांची उत्तरे करारावर सही होण्यापूर्वीच मिळायला हवीत.

मित्रहो, तेलशुद्धीकरण कंपनी निष्णात वकील उभे करून उच्च न्यायालयात दाद मागू शकते. तालुक्याच्या गावची पतसंस्था, दूध संघ किंवा दहा कामगारांचा लघुउद्योग यांना ते झेपणारे नाही. त्यांच्या ठेवीदारांचे, उत्पादकांचे आणि कामगारांचे हिशेब मात्र त्याच मेघात आहेत. यास्तव अशा प्रत्येक संस्थेने आपल्या माहितीची एक अद्ययावत प्रत मेघाबाहेर, स्वतःच्या ताब्यात ठेवावी आणि तिच्यावरून काम सुरू करता येते की नाही, हे वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष पडताळून पाहावे.